लायब्ररीला कळूच नये ती कुठे चालतेय

ब्राउझरमध्ये पण चालेल आणि सर्व्हरवर पण चालेल अशी जावास्क्रिप्ट लायब्ररी उघडून बघितली की बऱ्याचदा पहिल्या काही ओळींतच एक चेक दिसतो, विंडो नावाचं काही (ब्राउझरच्या पानात हा ऑब्जेक्ट आपोआप असतो) आहे का बघायचं, असेल तर ब्राउझर नसेल तर नोड, म्हणजे ब्राउझरबाहेर, सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम. मला हा चेक पटत नाही. गेले काही महिने मी सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी टेक्स्ट फाइल, वाचणारी एक छोटी लायब्ररी लिहितोय, म्हणजे ब्राउझरमध्ये युजरने फाइल निवडली तरी तीच वापरायची आणि सर्व्हरवर काही जीबीची फाइल डिस्कवरून वाचायची असेल तरी तीच, आणि पहिल्याच दिवशी एक नियम घालून घेतला की आत कुठेही "मी कुठे आहे" हा प्रश्न विचारायचा नाही. बाकी सगळं डिझाइन ह्या एका नियमातून आलंय, म्हणून त्याबद्दलच लिहितोय.

आधी तो चेक का नको ते सांगतो. वेब वर्करमध्ये, म्हणजे ब्राउझरमधल्या मागच्या वेगळ्या थ्रेडमध्ये, विंडो नसतो, सेल्फ असतो, पण तो ब्राउझरच आहे ना, तिथे लायब्ररी स्वतःला नोड समजून फाइल सिस्टिम शोधायला लागली की संपलंच. उलट नोडवर टेस्ट चालवताना जेएसडॉम, म्हणजे ब्राउझरच्या पानाची नक्कल, लावलेलं असेल तर विंडो आणि डॉक्युमेंट दोन्ही हजर, आणि लायब्ररीला वाटतं आपण ब्राउझरमध्ये आहोत. वेबच्या तंत्राने डेस्कटॉप अ‍ॅप करायच्या इलेक्ट्रॉनमध्ये सेटिंग तशी असेल तर दोन्हीकडच्या गोष्टी एकाच ठिकाणी सापडतात. मग काहींनी नॅव्हिगेटर हा ब्राउझरची माहिती देणारा ऑब्जेक्ट बघायला सुरुवात केली, तर २०२३ मध्ये आलेल्या नोड २१ पासून नोडमध्येच ग्लोबल नॅव्हिगेटर आला आणि ते चेक उलटे पडले. नोडचा प्रोसेस हा ऑब्जेक्ट बघावा म्हटलं तर बनमध्ये प्रोसेस आहे, डीनो २ मध्ये आहे (हे दोन्ही नोडसारखेच रनटाइम, म्हणजे जावास्क्रिप्ट चालवणारे प्रोग्राम), आणि काही बंडलर, म्हणजे कोडच्या फाइली एकत्र बांधणारी साधनं, ब्राउझरसाठी प्रोसेसचा नकली ऑब्जेक्ट आत घालून देतात. थोडक्यात ही नावं म्हणजे ओळखपत्र नाहीत, उद्या कुठल्याही रनटाइमने त्यातलं कुठलंही नाव घेतलं तरी तो काही चुकत नाही, चुकतोय तो त्यावरून अंदाज बांधणारा कोड.

हे दोन वेगळे संसार का झाले ते बघितलं तर गंमत आहे. रायन डालने २००९ मध्ये नोड आणलं तेव्हा भाषेत मॉड्यूल नव्हते, बाइट ठेवायला प्रमाणित टाइप नव्हता, स्ट्रीम, म्हणजे डेटा तुकड्यातुकड्याने देणारी सोय, नव्हत्या, मग नोडने रिक्वायर (दुसरं मॉड्यूल आत घ्यायचं फंक्शन) घेतलं कॉमनजेएस ह्या मॉड्यूलच्या पद्धतीतून, बाइट ठेवायला बफर स्वतःचा केला, स्ट्रीम स्वतःच्या केल्या. भाषेत मॉड्यूल यायला २०१५ उजाडलं, टाइप्ड अ‍ॅरे (बाइट ठेवायचे ते टाइप) पण त्याच वर्षी भाषेच्या स्टँडर्डमध्ये आले, आणि वेब स्ट्रीम्स तर नोडच्या स्ट्रीमपेक्षा पूर्णपणे वेगळ्या पद्धतीने तयार झाल्या. म्हणजे सर्व्हरवाल्यांनी मुद्दाम वेगळं केलं असं नाही, त्यांना लागत होतं तेव्हा वेबकडे ते नव्हतंच. पण त्यानंतर नोड हळूहळू वेबच्या दिशेने सरकत आलंय, यूआरएल ग्लोबल झाला नोड १० मध्ये, टेक्स्टएन्कोडर (मजकुराचे बाइट करणारा) आणि टेक्स्टडीकोडर (बाइटचा मजकूर करणारा) ११ मध्ये, अ‍ॅबॉर्टकंट्रोलर १५ मध्ये, फेच आणि वेब स्ट्रीम्स १८ मध्ये. २०२२ मध्ये वेगवेगळ्या रनटाइमवाल्यांनी विंटरसीजी नावाचा गट केला, समान एपीआय, म्हणजे कोडला वापरता येणाऱ्या तयार सोयी, कुठले असावेत ते ठरवायला, आणि ते काम आता एक्मा ह्या स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेच्या टीसी५५ समितीत चालतं. त्यामुळे आजच्या घडीला दोन्हीकडे सारखं मिळतं ते चांगलं ऐसपैस आहे, २०१५ साली ही लायब्ररी लिहिली असती तर अर्धा वेळ जोडकामातच गेला असता.

तर माझ्या लायब्ररीचा गाभा म्हणजे एक स्टेट मशीन आहे, म्हणजे आत्तापर्यंत काय वाचलं त्यावरून आपली अवस्था (स्टेट) लक्षात ठेवणारा कोड. त्याला मजकुराचा तुकडा द्यायचा, तो पूर्ण झालेल्या ओळी परत देतो, आणि शेवटी "संपलं" म्हणून सांगितलं की उरलेलं देतो. बस. फाइल, नेटवर्क, टायमर, कन्सोल ह्यातलं काहीच त्याला माहीत नाही, प्रॉमिससुद्धा नाही, सगळं सिंक्रोनस, म्हणजे कशाचीही वाट न बघता चालणारं. ऐकायला अगदी साधं वाटतं पण तुकडे कुठे तुटतील हे आपल्या हातात नसल्यामुळे खरी मेहनत तिथेच आहे. सीएसव्हीमध्ये अवतरणचिन्हाच्या आत अवतरणचिन्ह हवं असेल तर ते दोनदा लिहितात, सीएसव्हीचं वर्णन करणाऱ्या २००५ च्या आरएफसी ४१८० ह्या दस्तऐवजातही तसंच आहे. आता तुकडा नेमका पहिल्या चिन्हावर संपला तर ते फील्ड बंद करणारं आहे की जोडीतलं पहिलं आहे हे पुढचा तुकडा आल्याशिवाय सांगताच येत नाही, म्हणून "अवतरण दिसलंय, निर्णय बाकी" अशी वेगळी स्टेटच ठेवावी लागते. ओळ संपवणाऱ्या जोडीतलं कॅरेज रिटर्न एका तुकड्यात आणि लाइन फीड पुढच्यात आलं तर एका ओळीच्या दोन ओळी व्हायला नकोत, त्याचीही तशीच सोय.

ह्याची टेस्ट लिहायला मला मनापासून आवडली. एक छोटी पण वाकडी फाइल घ्यायची, तिला प्रत्येक शक्य जागी कापून दोन तुकडे करायचे आणि प्रत्येक वेळी उत्तर अखंड फाइलच्या उत्तरासारखंच यायला पाहिजे. मग तेच तीन तुकडे करून. मग एकेक अक्षर देऊन. गाभ्यात आयओ (फाइल, नेटवर्क वाचणं-लिहिणं) नसल्यामुळे हजारो कापाकापी डोळ्याची पापणी लवेपर्यंत होतात आणि ही टेस्ट कुठल्याही रनटाइमवर एक अक्षर न बदलता चालते.

आता बाइट. इथे आपल्या भाषेत लिहिणाऱ्यांनी जरा जास्त लक्ष द्यायला हवं असं मला वाटतं कारण इंग्रजी डेटावर हे सगळे प्रॉब्लेम दिसतच नाहीत. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ ह्या मजकूर साठवायच्या पद्धतीत ३ बाइट घेतं, "नमस्कार" ह्या शब्दात काना आणि हलन्त धरून ७ चिन्हं आहेत म्हणजे २१ बाइट. नोडमध्ये फाइलची रीड स्ट्रीम बाय डीफॉल्ट ६४ केबीचे तुकडे देते, म्हणजे ६५,५३६ बाइट, आणि ह्या आकड्याला ३ ने भागलं की बाकी १ उरते. म्हणजे अगदी सलग देवनागरी मजकूर असलेली फाइल घेतली तरी पहिल्याच तुकड्याच्या शेवटी एक अक्षर मधोमध तुटणार हे ठरलेलंच. प्रत्येक तुकडा सुटासुटा स्ट्रिंगमध्ये बदलला तर तिथे ते काळ्या चौकोनातलं प्रश्नचिन्ह येतं, आणि लाखभर ओळींच्या फाइलमध्ये ते कुठेतरी एखाद्या नावाच्या मधेच येतं, कोणाला पटकन दिसतही नाही. उपाय दोन्हीकडे सारखाच आहे, टेक्स्टडीकोडरला डीकोड करताना स्ट्रीम ट्रू असं सांगायचं, मग तो अर्धवट बाइट आत राखून ठेवतो आणि पुढच्या तुकड्याला जोडतो, आणि शेवटी एकदा रिकामं डीकोड बोलवायचं म्हणजे काही उरलंच असेल तर बाहेर येतं.

टेक्स्टडीकोडर वापरायचं अजून एक कारण म्हणजे बीओएम. स्प्रेडशीटमधून बाहेर काढलेल्या सीएसव्हीच्या सुरुवातीला बऱ्याचदा हे ३ बाइटचं न दिसणारं चिन्ह असतं. टेक्स्टडीकोडर ते आपणहून काढून टाकतो, नोडच्या बफरची टूस्ट्रिंग काढत नाही. मग तीच फाइल ब्राउझरमध्ये नीट वाचली जाते आणि सर्व्हरवर पहिल्या कॉलमचं नाव जुळत नाही, डोळ्यांना दोन्ही नावं सेम टू सेम दिसतात, लॉगमध्येही सेम, फक्त लांबी मोजली तर एकने जास्त. असला फरक शोधायला दिवस जातो. म्हणून बाइटचा मजकूर करायची वाट लायब्ररीत एकच ठेवलीय, बफर आला तरी तो टेक्स्टडीकोडरमधूनच जाणार. आणि बफर हा यूइंट८अ‍ॅरेचाच सबक्लास असल्यामुळे ते चालतं, वेगळं काही करावं लागत नाही. फक्त एक सांभाळायचं, स्लाइस वापरायचं नाही. यूइंट८अ‍ॅरेवर स्लाइस केलं की कॉपी मिळते, बफरवर स्लाइस केलं की मूळच्याच मेमरीची खिडकी मिळते, नाव एकच आणि वागणं अगदी विरुद्ध. सबअ‍ॅरे मात्र दोन्हीकडे सारखंच वागतं म्हणून मी तेच वापरतो.

 

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. लोक ब्राउझर आणि सर्व्हरमधला फरक म्हटलं की एपीआयचा फरक धरतात, हे इथे आहे ते तिथे नाही वगैरे, पण एपीआय नसेल तर निदान एरर तरी येते. खरा फरक असा की ब्राउझरच्या टॅबमध्ये एक माणूस असतो आणि सर्व्हरच्या एका प्रोसेसमध्ये एकाच वेळी शेकडो जणांचं काम चाललेलं असतं. समजा टेक्स्टडीकोडर मॉड्यूलच्या वरती एकदाच बनवून ठेवला, दर वेळी नवीन कशाला म्हणून, दिसायला चांगलंच दिसतं. ब्राउझरमध्ये आयुष्यभर काही होणार नाही, युजर एक फाइल निवडतो, ती संपते, मग दुसरी. सर्व्हरवर दोन जणांनी एकदम फाइल अपलोड केली की एकाच्या फाइलचं अर्धवट अक्षर डीकोडरच्या आत थांबलेलं असताना अवेटवर (पुढच्या तुकड्याची वाट बघत कोड थांबतो तिथे) दुसऱ्याचा नंबर येतो आणि त्याच्या बाइटना पहिल्याचे बाइट चिकटतात. एरर नाही, लोड कमी असेल तर प्रॉब्लेमही नाही, लोकलवर कधीच दिसणार नाही. हेच ग्लोबल सेटिंगचं, "सगळीकडे सेमीकोलन वापर" असं सांगणारं एखादं सेट फंक्शन दिलं तर एका रिक्वेस्टचं सेटिंग दुसऱ्या रिक्वेस्टला लागणार. आणि हेच रेग्युलर एक्स्प्रेशनचं, म्हणजे मजकुरात नमुना शोधणाऱ्या सूत्राचं, जी फ्लॅग लावलेलं रेगेक्स मॉड्यूलमध्ये ठेवलं की ते आपली शेवटची जागा लक्षात ठेवतं, एकाने अर्ध्यावर सोडलं की दुसऱ्याची सुरुवात तिथून. म्हणून माझ्याकडे मॉड्यूलच्या पातळीवर बदलणारी एकही गोष्ट नाही, प्रत्येक फाइलसाठी नवा पार्सर, नवा डीकोडर, सेटिंग त्याच पार्सरला दिलेली. कितीही छोटी लायब्ररी असो, हा नियम पाळाच असं मी आग्रहाने सांगेन, कारण इथे चुकलात तर एकाचा डेटा दुसऱ्याला दिसतो, हा नुसता बग राहत नाही.

गाभ्याभोवती दोन पातळ कवच आहेत. एक वेबचं, ते रीडेबलस्ट्रीम घेतं, म्हणजे ब्राउझरमधली फाइल, ब्लॉब किंवा फेचचं उत्तर काहीही. दुसरं नोडचं, ते फाइलचा पाथ घेऊन स्ट्रीम उघडतं. दोन्ही असिंक जनरेटर आहेत, वापरणाऱ्याने पुढची ओळ मागितली की मगच पुढचा तुकडा वाचला जातो, त्यामुळे डेटाबेसमध्ये टाकणारा कोड हळू असला तरी मेमरी फुगत नाही. वेबच्या कवचात फॉर-अवेटचा, म्हणजे स्ट्रीमवर थेट लूप लावायचा, मोह मी टाळलाय, क्रोमने रीडेबलस्ट्रीमवर ते १२४ मध्ये म्हणजे २०२४ साली दिलं आणि सगळी ब्राउझरं काही एकदम आली नाहीत, तेव्हा सरळ रीडर घेऊन रीड करत राहायचं, चार ओळी जास्त पण सगळीकडे चालतं. फक्त वापरणाऱ्याने मधेच ब्रेक केलं तर फायनलीमध्ये रीडर कॅन्सल करून लॉक सोडायचं, नाहीतर नेटवर्कवरून उगाच डेटा येत राहतो.

ही कवचं वेगळ्या फाइलीत का, एकाच फाइलीत इफ टाकून का नाही असं कोणीही विचारेल. कारण बंडलर कोड चालवत नाही, वाचतो. इफच्या आत का असेना, नोडचं एफएस (फाइल वाचायचं मॉड्यूल) इम्पोर्ट दिसलं की ब्राउझरसाठी बिल्ड करताना तो ते सोडवायचा प्रयत्न करणारच. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये वेबपॅक ५ आलं आणि त्याने बफर, स्ट्रीम, क्रिप्टो वगैरे नोडच्या मॉड्यूलचे पर्याय आपोआप घालणं बंद केलं तेव्हा कितीतरी लायब्रऱ्यांच्या आतलं हे गुपित बाहेर आलं. माझ्याकडे नोडचं काही वापरणारी एकच फाइल आहे आणि तिचा इम्पोर्टचा पत्ताच वेगळा आहे, शेवटी नोड असं लिहिलेला. वापरणारा स्वतःच्या हाताने तो पत्ता लिहितो, म्हणजे कुठे चालतेय हे ज्याला नक्की माहीत आहे तोच सांगतो, लायब्ररीला ओळखत बसावं लागत नाही.

पॅकेज डॉट जेसन ह्या पॅकेजच्या माहितीच्या फाइलमधल्या एक्सपोर्ट्समध्ये ब्राउझर आणि नोड अशा अटी घालून एकाच पत्त्यावर दोन वेगळ्या फाइली देता येतात हे मला माहितीये, आणि काही ठिकाणी तोच मार्ग बरोबर असतो. पण ब्राउझर ही अट लागली म्हणजे डॉम (ब्राउझरमधलं पान) आहेच असं नाही, वर्करसाठीच्या बंडललाही तीच लागू शकते, म्हणजे फिरून तोच अंदाजाचा खेळ, फक्त चालवताना होत होता तो आता बिल्डमध्ये होतो. अटी वापरल्याच तर क्रम बघा, वरून खाली पहिली जुळेल ती घेतली जाते म्हणून टाइप्स सगळ्यात वर आणि डीफॉल्ट सगळ्यात खाली.

कॉमनजेएसची वेगळी प्रत मी देतच नाही. ती दिली आणि एकाच प्रोजेक्टमध्ये कोणी इम्पोर्टने घेतली आणि कोणी रिक्वायरने तर लायब्ररीच्या दोन प्रती मेमरीत येतात, एका प्रतीने फेकलेली एरर दुसऱ्या प्रतीच्या क्लासशी इन्स्टन्सऑफने जुळत नाही, आणि दोन्ही क्लासचं नाव एकच असल्यामुळे बघणारा चक्रावतो. नोड २०.१९ आणि २२.१२ पासून रिक्वायरने ईएस मॉड्यूल (इम्पोर्टने घेतात ते, भाषेचं स्वतःचं) थेट घेता येतं, त्यामुळे एकच प्रत पुरते, फक्त मॉड्यूलच्या टॉप लेव्हलला अवेट नको, ते असलं की रिक्वायर नकार देतं. तरीही एररवर कोड नावाची प्रॉपर्टी ठेवलीय आणि तीच तपासा असं रीडमीत लिहिलंय.

नियम मोडला जाऊ नये म्हणून कोडमधले टाइप आधीच तपासणाऱ्या टाइपस्क्रिप्टला कामाला लावलंय आणि ही युक्ती मला फार उपयोगी वाटते. गाभ्याच्या फोल्डरला स्वतःचं वेगळं टीएसकॉन्फिग आहे, त्यात लिबमध्ये फक्त भाषेची आवृत्ती, डॉम नाही, आणि टाइप्सची यादी रिकामी, म्हणजे नोडचे टाइपही नाहीत. तिथे कोणी विंडो लिहिलं तर कम्पाइल होत नाही, बफर लिहिलं तर होत नाही, सेटटाइमआउट लिहिलं तरी होत नाही. आणि ते नकोच आहे, सेटटाइमआउट ब्राउझरमध्ये नंबर देतं आणि नोडमध्ये ऑब्जेक्ट, असल्या गोष्टी गाभ्यात शिरायच्या आधीच अडतात. कन्सोलही नाही, त्यामुळे इशारे छापले जात नाहीत, ते ओळीबरोबर व्हॅल्यू म्हणून बाहेर येतात आणि त्यांचं काय करायचं ते वापरणारा ठरवतो.

तारखांबद्दल बऱ्याच जणांची मागणी असते की पार्सरनेच कॉलम बघून डेट ऑब्जेक्ट करून द्यावा. नाही देणार. जावास्क्रिप्टमध्ये नुसती तारीख असलेली आयएसओ स्ट्रिंग यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ) धरली जाते आणि त्याच्यापुढे वेळ लिहिली पण झोन लिहिला नाही तर लोकल वेळ धरली जाते. सर्व्हर बहुतेक वेळा यूटीसीवर, ब्राउझर युजरच्या झोनमध्ये, तर एकाच फाइलमधून दोन वेगळे क्षण निघतील. स्ट्रिंग द्यायची, पुढचं ज्याचा डेटा आहे त्याने ठरवायचं.

टेस्ट खऱ्या ब्राउझरमध्येच चालवतो, ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या प्लेराइटने क्रोमियम, फायरफॉक्स आणि वेबकिट तिन्ही, जेएसडॉम ह्या कामाला नको कारण खाली शेवटी नोडच असतं, मग तपासलं काय आपण. शिवाय नोड, डीनो, बन. आणि प्रत्येक रिलीजच्या आधी एनपीएम पॅक करून तयार झालेलं पॅकेज एका रिकाम्या प्रोजेक्टमध्ये इन्स्टॉल करून दोन्ही पत्ते इम्पोर्ट करून बघणारी एक छोटी स्क्रिप्ट आहे, कारण सोर्सवरच्या सगळ्या टेस्ट हिरव्या असताना पॅकेजमध्ये एखादी फाइलच गेलेली नसते असं होऊ शकतं आणि ते दुसरी कुठलीच टेस्ट पकडत नाही.

वर्करचं मात्र अजून ठरत नाहीये. मोठी फाइल मुख्य थ्रेडवर पार्स केली की ब्राउझरमध्ये पेज अडकतं आणि सर्व्हरवर बाकीच्या सगळ्यांच्या रिक्वेस्ट अडकतात, म्हणजे गरज दोन्हीकडे आहे, पण ब्राउझरच्या वर्करमध्ये मेसेज इव्हेंटच्या डेटामधून येतो आणि नोडच्या वर्कर थ्रेड्समध्ये थेट व्हॅल्यू हातात येते, वर्करची फाइल शोधायची पद्धत बंडलरप्रमाणे बदलते, आणि हे सगळं आत घेतलं तर कवच पातळ राहणार नाही. सध्या माझा कल असा आहे की लायब्ररीने वर्कर बनवूच नये, वापरणाऱ्याने बनवलेल्या पोर्टवर बोलणारं एक छोटं फंक्शन तेवढं द्यावं, मेसेजची देवाणघेवाण करणारा मेसेजपोर्ट दोन्हीकडे आहे. त्याचा कच्चा कोड वेगळ्या ब्रँचवर आहे आणि नोडवर चालतोय, वेबकिटवरच्या टेस्ट अजून लिहायच्यात, त्या झाल्या की मग ते मेनमध्ये घ्यायचं की नाही ते बघेन.